पत्र्याखालची खोली

लालबागच्या त्या हॉस्टेलात मला जागा मिळाली तेव्हा थंडीचे दिवस होते, त्यामुळे खोली वाईट वाटली नाही. मूळ इमारत जुनी, दगडी. तिच्या गच्चीवर ट्रस्टने नंतर कधीतरी विटांच्या भिंती उभारल्या होत्या, वर सिमेंटचे पत्रे टाकले होते आणि चार खोल्या काढल्या होत्या. कोपऱ्यातली आमची. तीन कॉट, तीन लोखंडी कपाटं, मधोमध पंखा, पश्चिमेला एक खिडकी. खालच्या मजल्यांवरच्या मुली वर्षानुवर्षं जागा सोडत नसत, म्हणून नव्या आलेल्यांना वर पाठवत. पाठवताना सगळ्याजणी सांगत, वर हवा छान असते.

पूर्वी असेलही. आता खिडकीसमोर, बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर, टॉवर उभा होता. त्याच्या आमच्याकडच्या भिंतीवर एसीचे डबे खालपासून वरपर्यंत ओळीने लावलेले. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की तो टॉवरला अडायचा. आमच्यापर्यंत पोचायची ती त्या डब्यांनी बाहेर टाकलेली हवा.

खोलीत आम्ही तिघी. हॉस्टेलात नावापेक्षा गावानेच हाका मारायची पद्धत होती. मी कुडाळहून आलेली, गिरगावात एका छापखान्यात प्रुफं तपासायचे, मी 'कुडाळ'. दुसरी लोअर परळला एका ऑफिसात हिशेबाचं काम करणारी, ती 'सांगली'. तिसरी चंद्रपूरची. परळला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती. तिच्या कॉलेजच्या हॉस्टेलचं काम निघालं होतं म्हणून वर्षभरासाठी इकडे आलेली. तिच्या घरी गावाला अजून चांदाच म्हणत, त्यामुळे ती 'चांदा'.

चांदा आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात आनंदी. अभ्यासाला बसली की खिडकीच्या गजाला दोरा बांधून टाके घालायच्या गाठी मारत बसायची. तोंडाने अस्थींची नावं म्हणायची आणि हात आपोआप चालायचे. एका हाताने मारलेली गाठ दाखवून म्हणायची, "बघ, दुसऱ्या हातानं म्हशीचं आतडं धरलेलं आहे असं समज." सांगली जेवत असली तर ताट घेऊन बाहेर जायची.

होळी झाली आणि खोली तापायला लागली. आधी दुपारी तापायची आणि रात्री निवायची. एप्रिल लागला तसं तिचं निवणं बंद झालं. पत्रा दिवसभर ऊन प्यायचा आणि रात्रभर आमच्या अंगावर ओतायचा. पंखा तीच हवा फिरवायचा. उशी उलटी केली तरी दुसरी बाजूही गरमच. लोखंडी कपाटातून कपडे काढले तर इस्त्री केल्यासारखे लागत.

मी आणि सांगली हैराण झालो, पण चांदाला सुरुवातीला त्याची मौजच वाटली.

"हे काय ऊन आहे का," ती म्हणायची. "आमच्याकडं मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. तुम्ही तिकडच्या पोरी नाजूक आहात."

मग तिने आम्हाला चांद्याचे उपाय शिकवायला घेतले. चादर भिजवून खिडकीला लावायची. लादीवर पाणी शिंपडायचं. ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली पडायचं. वडिलांच्या ओळखीचं कोणी मुंबईला येत होतं, त्यांच्याबरोबर तिने घरून वाळ्याचा छोटा कूलरसुद्धा मागवला. तो लावला त्या दिवशी खोलीभर वाळ्याचा वास सुटला आणि आम्ही तिघी त्याच्यासमोर तोंड करून बसलो. थोड्या वेळाने भिंतींना ओल आली. गाद्या दमट झाल्या. अंगावरचा घाम तर वाळेनाच. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसं झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच कूलर बंद करून जिन्याखाली नेऊन ठेवला.

"आमच्याकडं ओली चादर बघता बघता वाळते," ती म्हणाली. "वाळताना गार करते. इथं वाळतच नाही, तर गार काय करणार?" मग जरा विचार करून म्हणाली, "म्हशीला घाम कमी येतो, म्हणून ती डबक्यात बसते. आपल्याला घाम येतो, पण वाळत नाही. म्हणजे आपणही म्हशीच. फक्त डबकं नाही."

त्यानंतर ती ऊन कमी आहे असं कधी म्हणाली नाही.

आम्ही आमचे उपाय शोधले. सांगली रविवारीसुद्धा ऑफिसला जायला लागली. काम काही नसायचं, तिथल्या गार हवेत खुर्चीत बसून झोपायची. मी छापखान्यातून सुटले की एसी बस पकडायचे आणि लालबागला न उतरता शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन त्याच बसने परत यायचे. चांदा कॉलेजच्या वाचनालयात बसायची, पण ते संध्याकाळी बंद व्हायचं. आईने गावाहून कोकमाचं आगळ पाठवलं होतं, त्याचं सरबत करून आम्ही माठात ठेवायचो. आई फोनवर म्हणायची, "पाणी पी गो बाय, तहान नसली तरी पी." तिला मी खोलीचा फोटो कधी पाठवला नाही.

पत्र्याबद्दल आम्ही रेक्टर मॅडमकडे दोनदा गेलो. त्या पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या बाई होत्या. हॉस्टेलच्या तळमजल्यावरच त्यांची खोली आणि तिला लागून ऑफिस. ऑफिसात एक जुना एसी होता, तो घरघरायचा. पहिल्यांदा आम्ही मार्चमध्ये गेलो आणि म्हणालो, पत्र्यावर पांढरा रंग तरी मारून द्या. त्या म्हणाल्या, गळतीचं काम करून घेतलंय, त्यावर रंग चढवला तर कंत्राटदार हात वर करेल, ट्रस्टला विचारते. त्यानंतर आम्ही कुणाला न विचारता पत्र्यावर गोणपाटं पसरली आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर बादलीने पाणी ओतायला लागलो. त्याने खरंच फरक पडला. पण ते पाणी टाकीतलं होतं, आणि तळमजल्यावर नळाला धार बारीक झाली तेव्हा मॅडम वर आल्या.

"प्यायला पाणी पुरत नाही आणि तुम्ही छपराला आंघोळ घालताय?" त्या म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. गोणपाटं मात्र वॉचमनकडून खाली काढून घेतली.

दुसऱ्यांदा आम्ही गेलो ते टेबलफॅनसाठी. वरच्या चारही खोल्यांची वायरिंग जुनी, एकाच लाइनवर. टेबलफॅन लावायची परवानगी नव्हती. मॅडम म्हणाल्या, लाइन झेपणार नाही. आम्ही तरी लावला. बाकीच्या खोल्यांतल्या मुलींनीही लावला असणार.

मे महिन्यात कॉलेजांना सुट्ट्या लागल्या, शेजारच्या तिन्ही खोल्यांना कुलूपं लागली आणि गच्चीवर आम्ही तिघीच उरलो. चांदाची परीक्षा जवळ आली होती. वाचनालयही दुरुस्तीसाठी बंद झालं होतं. त्याच सुमारास तिचं पोट बिघडलं. दोन दिवस जुलाब आणि बारीक ताप. तिने औषध आणलं, मीठसाखरेचं पाणी पीत राहिली आणि पुस्तक काही सोडलं नाही. सांगली म्हणाली, "माझ्याबरोबर ऑफिसला चल, रिसेप्शनला बसवते तुला." चांदा म्हणाली, "बाथरूमला धावायला लागलं तर तुझ्या ऑफिसात काय तोंड दाखवू?"

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा पंखा चालू होता. ती लादीवर उशी टाकून, पाय कॉटवर वर ठेवून वाचत होती. मी माठ भरून तिच्या हाताशी ठेवला. "जाताना दार उघडंच ठेव," ती म्हणाली. तेवढंच.

आमच्या मागे काय झालं ते नंतर कळलं. वरच्या मजल्याच्या बोर्डातून जळका वास यायला लागला, म्हणून मॅडमनी वरच्या लाइनचा मेन स्विच बंद केला आणि इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो दुपारनंतर येतो म्हणाला. वर एक मुलगी आहे हे मॅडमना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना वाटलं, पंखा बंद झाला की ती खाली येऊन व्हरांड्यात बसेल. कुणीही तसंच करेल. चांदा आली नाही. तिच्यात जिने उतरायची ताकद उरली नसेल, किंवा आता लाइट येईल, मग येईल म्हणून ती पडून राहिली असेल. ते तिलाही कधी आठवलं नाही.

त्याच दिवशी गिरगावात आमच्या छापखान्याच्या गल्लीतही केबल जळाली. संगणक बंद पडले. मालकांनी जेवणाच्या सुट्टीत आम्हाला घरी सोडलं. मी नेहमीसारखी बसमध्ये बसून राहिले असते, पण त्या दिवशी साधी बस मिळाली, म्हणून लालबागलाच उतरले.

शेवटचा जिना चढताना हवा बदलली. बेकरीच्या भट्टीचं तोंड उघडल्यावर येते तशी झळ आली. मी खोलीत पाऊल टाकलं तर पंखा बंद. चांदा दोन कॉटच्या मधल्या जागेत एका कुशीवर पडली होती. माठ उपडा झालेला आणि सांडलेलं पाणी वाळूनही गेलेलं. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. असं तापलेलं माणूस मी कधी शिवले नव्हते. आणि घाम नव्हता. त्या खोलीत, जिथे आम्ही बसल्या जागी निथळायचो, तिथे तिची कातडी कोरडी होती.

तिचे डोळे अर्धे उघडे होते. मी हाका मारल्या तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, पण मी कोण ते तिला कळलेलं दिसलं नाही.

"सावलीत बांधा तिला," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "सावलीत बांधा. पाणी दाखवा."

मी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसाने दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "गाडी निघतेय, पण तुम्ही वाट बघत बसू नका. आधी त्यांना गार करा. कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत लावा. तोंडात पाणी घालू नका, श्वासात जाईल." मी फोन कानाशी धरूनच बाथरूममध्ये गेले आणि नळाखाली बादली लावली. नळातून आलं ते पाणी हाताला चटका देणारं होतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी, सकाळपासून उन्हात तापलेलं. मी बादली तिथेच सोडली आणि जिन्यातून ओरडत खाली धावले.

मॅडम ऑफिसातून बाहेर आल्या. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण त्यांनी वॉचमनला वर पाठवलं आणि आपल्या फ्रीजमधला बर्फाचा एकुलता एक ट्रे काढून आणला. त्यातल्या चौकोनी तुकड्यांकडे बघून त्यांनाही कळलं की याने काही व्हायचं नाही.

फाटकाच्या कोपऱ्यावर वरळीहून येणारी एक कोळीण बसायची. सकाळी टोपली घेऊन यायची आणि माल संपला की जायची. येताजाता आम्ही तिला मावशी म्हणायचो, तेवढीच ओळख. ती त्या वेळी उरलेली मासळी थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर रचत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मावशी, बर्फ पायजे. आमची पोरगी उन्हाने पडलीय."

तिने मान वर करून माझं तोंड बघितलं. मग खोक्यातली मासळी दोन्ही हातांनी टोपलीत काढली.

"थांब गो, एकटीला नाय उचलायचा," ती म्हणाली आणि खोक्याचं एक टोक स्वतः धरलं.

तोपर्यंत वॉचमन आणि जिन्यात भेटलेली खालच्या मजल्यावरची एक मुलगी मिळून चांदाला चादरीत घालून खाली आणत होते. मॅडमनी ऑफिसातलं टेबल भिंतीला ढकललं, एसी पूर्ण सोडला आणि लादीवर जागा केली. आम्ही तिला तिथे निजवलं. मावशी तिच्या शेजारी मांडी घालून बसली आणि बर्फाचे तुकडे काखेत, मानेखाली, पोटावर लावत गेली. मी जांघेत लावले. बर्फाला मासळीचा वास होता, त्यात खवले चिकटलेले होते. मॅडम तळमजल्याच्या नळाचं पाणी तांब्यातांब्याने तिच्यावर ओतत होत्या आणि एका फाईलने वारा घालत होत्या. पाणी लादीवरून वाहत टेबलाखाली गेलं, तिथे वायरी होत्या, कुणी तिकडे बघितलं नाही.

मध्येच चांदाला झटका आला. सगळं अंग ताठ झालं, मग हातपाय आपटायला लागले. टाके घालायच्या गाठी मारणारे ते हात लादीवर आपटत होते आणि मला ते धरताही येत नव्हते. मावशीने तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "जाईल, जाईल," ती पुटपुटत होती, कुणाला म्हणत होती कोण जाणे. झटका थांबला तेव्हा चांदा घोरल्यासारखा श्वास घेत होती. तेवढ्यात अँब्युलन्स आली.

मी तिच्याबरोबर गाडीत चढले. फाटकातून बाहेर पडताना दिसलं, मावशी रिकामं खोकं घेऊन परत आपल्या कोपऱ्याकडे चालली होती, साडीचा पुढचा भाग सगळा ओला.

हॉस्पिटलात तिला सरळ आत नेलं. मी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसले. आतलं दार उघडलं की गार हवेचा झोत बाहेर यायचा. कितीतरी आठवड्यांनी माझं अंग कोरडं झालं. मी तिच्या घरच्यांचा नंबर शोधून दिला, सांगलीला फोन केला, कुणी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग तिथेच, भिंतीला डोकं टेकून, गाढ झोपले. सांगलीने येऊन हलवलं तेव्हा मला थंडी वाजत होती. ती बाकावर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मी तिला ओढून न्यायला हवं होतं ऑफिसला." ती मग पुन्हा ते बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी चांदाचे आईवडील आले. वडील कोळशाच्या खाणीत नोकरीला, उंच, मितभाषी. आई सबंध वेळ पदर तोंडाशी धरून. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की उष्माघात झालाय, मूत्रपिंडाला मार बसलाय, मेंदूला किती बसलाय ते शुद्धीवर आल्यावर कळेल. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, आम्ही चंद्रपूरचे आहोत. आमच्याकडं याच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. तिथं तिले लहानपणापासून काही झालं नाही."

डॉक्टर तरुण होता. त्याने दमट हवेबद्दल, जुलाबाने कमी झालेल्या पाण्याबद्दल समजावून सांगितलं. वडील मान हलवत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी मला तोच प्रश्न विचारला. मी डॉक्टरांचंच उत्तर पुन्हा सांगितलं.

चांदा जगली. मूत्रपिंडं हळूहळू सावरली. शुद्धीवर आली तेव्हा तिने आम्हाला ओळखलं, आईला ओळखलं, परीक्षा कधी आहे ते विचारलं. पण तिचं बोलणं बदललं होतं. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा, मध्येच तुटणारा, दारू प्यालेल्या माणसासारखा. आणि हात. पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे केला की तो पेल्याच्या अलीकडे-पलीकडे जायचा, जवळ गेला की जास्तच थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, तोल आणि हालचाल सांभाळणारा मेंदूचा जो भाग असतो तो उष्णतेला लवकर बळी पडतो. सुधारेल का? थोडं सुधारेल. किती ते सांगता येत नाही.

एकदा मी एकटी तिच्याजवळ असताना तिने चादरीच्या काठातून सुटलेला दोरा बोटात धरायचा प्रयत्न केला. धरता आला नाही. तिने परत केला. मग हात चादरीखाली घेतला आणि म्हणाली, "तू... जा आता. उशीर... होईल." बाहेर भरदुपार होती.

हॉस्टेलात परत आलो तेव्हा मॅडमनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. लादी पुसलेली, टेबल जागेवर. ट्रस्टची माणसं येऊन गेली होती. वरचा मजला बंद करायचं ठरलं होतं आणि आम्हा दोघींना महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे सोय बघायची होती.

"ती आधीपासून आजारी होती, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?" मॅडमनी विचारलं. सांगली म्हणाली, "पोट बिघडलं होतं. उष्माघात खोलीने झाला."

"मी मेन बंद केला नसता तर वायर पेटली असती," त्या म्हणाल्या. "लाकडी दारं, गाद्या. काय झालं असतं सांग. मग मी काय करायला हवं होतं?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना एकदा जिने चढून वर बघून येता आलं असतं, एवढंच. पण त्यांचे गुडघे दुखायचे, त्या कधीच वर येत नसत. गोणपाटांसाठी आल्या होत्या तेवढंच. हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांचे डोळे सुजलेले होते. मी उठले आणि सांगलीही उठली.

सांगलीने दादरला एसी असलेली जागा बघितली. मी कॉटन ग्रीनला एका चाळीत, तळमजल्यावर, एका म्हाताऱ्या बाईंकडे राहायला गेले. निघायच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या मावशीला सांगायला गेले. तिने विचारलं, "पोर कशी हाय?" मी म्हणाले, "जगली." ती म्हणाली, "मंग झालं." पुढचं मी तिला सांगितलं नाही. तिच्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं.

दिवाळीच्या सुमारास त्या रस्त्याने जाणं झालं. वरच्या खोल्यांच्या खिडक्यांत कपडे वाळत होते. पत्र्यांना पांढरा रंग दिला होता, उन्हात तो डोळ्यांवर येत होता.

त्या हिवाळ्यात मी चंद्रपूरला गेले. चांदाचं घर खाणीच्या कॉलनीत, पुढे छोटं अंगण. ती भिंतीला धरून दारापर्यंत चालत आली. बोलणं आधीपेक्षा स्पष्ट होतं, पण मला थांबून ऐकायची सवय नव्हती. मी तिची वाक्यं पुरी करायला गेले तर ती चिडली. "मी... बोलते ना," म्हणाली. मग मी थांबायला शिकले. कॉलेजने तिला एक वर्षाची मुदत दिली होती. त्यात काही होणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. तिने सांगितलं की तिला आता ऊन अजिबात सोसत नाही. शरीर स्वतःला गार करायचं विसरलंय, डॉक्टर म्हणतात. होळीपासून पाऊस पडेपर्यंत तिला आतल्या एका खोलीत ठेवणार होते. वडिलांनी तिथे एसी बसवला होता. खिडकी विटांनी बंद केली होती, झळ येऊ नये म्हणून.

"चार महिने," ती म्हणाली. "दर वर्षी." आणि हसली. तिच्या आईने चहाचा पेला अर्धाच भरून तिच्या दोन्ही हातांत दिला आणि खालून आपला हात धरून ठेवला.

संध्याकाळी वडील मला स्टँडवर सोडायला आले. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी तंबाखूची डबी काढली आणि परत खिशात ठेवली.

"तुम्ही तिघी एकाच खोलीत राहात होत्या ना?" ते म्हणाले.

"हो."

"मग हिलेच काऊन झालं?"

मी जुलाबाचं, दमट हवेचं सांगायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं. ते मला डॉक्टरांनी सांगितलं, म्हणाले, ते मला पाठ आहे.

मी म्हणाले, "काका, त्या दुपारी आम्हाला जायला कुठेतरी जागा होती. तिला नव्हती."

गाडी लागली तेव्हा त्यांनी माझी बॅग उचलून आत ठेवली, खिडकीशी आले आणि म्हणाले, "येत जा. ती वाट बघते."